पाच मिनिटांचं काम

“चौगुल्यांकडची माणसं संपली का?”

साळुंखे साहेबांनी हे मला विचारलं नाही. माझ्या मागं उभ्या असलेल्या कारकुनाला, बोडके भाऊसाहेबांना विचारलं. मी दारातच होते. खांद्याला हत्यारांची बॅग, आणि घाटातून आलेल्या एसटीचं तिकीट अजून हातात.

“मीच इंजिनिअर आहे सर,” मी म्हणाले. “रेश्मा तांबोळी.”

त्यांनी एकदा घड्याळाकडं पाहिलं. “बघा मग. काल संध्याकाळपासून नुसतं बोंबलतंय. चारशे बारा कुटुंबांची यादी आहे त्यात. ती छापून, सही करून मला एक वाजता कोल्हापूरला निघायचंय. संध्याकाळी मीटिंग आहे.”

“बघते सर.”

“बघू नका. सुरू करा,” असं म्हणून ते आपल्या खोलीत गेले.

ही दोन हजार दोन सालची गोष्ट. आंबेखोल धरणाचं पुनर्वसन कार्यालय म्हणजे भाड्यानं घेतलेल्या एका घराच्या तीन खोल्या होत्या. पहिलीत साहेब, मधलीत कपाटं आणि नकाशे, शेवटच्या खोलीत कॉम्प्युटर. मी तेव्हा बावीस वर्षांची. हार्डवेअरचा डिप्लोमा करून कोल्हापुरात चौगुले सरांच्या दुकानात लागून तीन महिने झाले होते, आणि बाहेरगावी एकटीनं जायची ही पहिलीच वेळ. नेहमी जाणारे मगदूम आजारी पडले म्हणून सरांनी मला पाठवलं. निघताना म्हणाले होते, “सरकारी ऑफिस आहे, वर्षाचा करार आहे आपला. मशीन सुरू झाल्याशिवाय उठायचं नाही. आणि बोलायचं कमी.”

मी बटण दाबलं. आतला पंखा फिरला, पडदा काळाच राहिला आणि मशीननं एक लांब बीप दिला. थांबलं. पुन्हा तसाच लांब बीप. पुन्हा थांबलं.

कॉम्प्युटरला पडद्यावर काही दाखवायच्या आधीच काही खुपलं, तर तो असा ओरडून सांगतो. कोणत्या दुखण्याला कसं ओरडायचं हेही बहुतेक ठरलेलं असतं. आता माझं स्वतःचं दुकान आहे, आणि नुसत्या आवाजावरून मी शेजारच्या खोलीतून सांगू शकते. पण तेव्हाही एवढं पाठ होतं की असे थांबून थांबून लांब बीप आले तर रॅम बघायची. रॅम म्हणजे वीतभरापेक्षा जरा लहान, हिरवी पट्टी. ती खाचेतून जरा हलली किंवा तिच्या कडेला गंज, धूळ बसली तरी मशीन उठत नाही. काढायची, खोडरबरनं कड घासायची, परत दाबून बसवायची. पाच मिनिटांचं काम.

मला बरं वाटलं. एकच्या आत मी परतीच्या एसटीत असेन, असा हिशेब मी केला.

खोलीत उजेड कमी होता. बोडके भाऊसाहेबांनी कपाटातून बॅटरी आणली आणि माझ्या शेजारी धरून उभे राहिले. पंचावन्न-छप्पनचे असतील. स्वच्छ इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं मोजकं. मी कॅबिनेटचे स्क्रू काढले. त्यातल्या दोन स्क्रूंच्या खाचेत ताजे ओरखडे होते, कुणीतरी नाण्यानं फिरवल्यासारखे. आत धुळीचा जाड थर एकसारखा बसलेला होता. फक्त रॅमच्या दोन्ही टोकांना ज्या पांढऱ्या खिट्ट्या असतात, त्यांच्यावर धूळ नव्हती. तिथं बोटं उमटली होती. पट्टीचं एक टोक खाचेतून वर आलं होतं, नखभर.

असं आपोआप होत नाही. पण तो विचार मी पुरता केलाही नव्हता. मी अंगठा पट्टीवर ठेवला, आणि बॅटरीचा उजेड बाजूला झाला.

“ताई,” बोडके हळू आवाजात म्हणाले, “जरा थांबा.”

मी त्यांच्याकडं पाहिलं.

“तुमचे मगदूम गेल्या वर्षी आले होते. त्यांनी हीच पट्टी काढून घासली होती. मी बघून ठेवलं होतं.”

“म्हणजे हे तुम्ही...”

“मीच.”

पलीकडच्या खोलीत साहेब फोनवर बोलत होते. त्यांचा आवाज चालू आहे याची बोडक्यांनी खात्री केली आणि तितक्याच शांतपणे सांगायला लागले.

“वर डोंगरात एक धनगरवाडा आहे. चौदा घरं. धरणाचं पाणी चढलं की त्यांचे गवताचे माळ जातात, खाली यायची वाट जाते. यादीत त्यांचं एक नाव नाही. सातबारा नाही त्यांच्याकडं. पण रहिवासी दाखला आणि रेशनकार्ड असलं तरी चालतं, असा नियम आहे. नोटीस खालच्या गावात चावडीवर डकवली होती, वर जाऊन कुणी सांगितलंच नाही. मला कळलं गेल्या सोमवारी. मी निरोप धाडला.”

“मग साहेबांना सांगा की.”

“सांगितलं. म्हणाले, दोन महिने काय झोपले होते? ते तसे वाईट नाहीत. पण त्यांना यादी वेळेत न्यायची आहे. हरकतीची मुदत आज पाचपर्यंत आहे. पण एकदा सही होऊन यादी गेली की ती उघडायला वरून परवानगी लागते. या माणसांसाठी ती कोण आणणार?”

“ती माणसं कुठं आहेत?”

“दाखला द्यायचा ग्रामसेवकानं. तो त्या गावात गुरुवारीच असतो. आज गुरुवार. दाखले घेऊन ते अडीचच्या एसटीनं येतील.”

मी घड्याळात पाहिलं. अकराला पाच कमी होते.

“तुमच्या नोकरीचं काय होईल ते मला ठाऊक नाही,” ते म्हणाले. “तुम्ही पट्टी दाबलीत तरी माझं काही म्हणणं नाही. तुमचं ते कामच आहे.”

आणि त्यांनी बॅटरीचा उजेड पुन्हा नीट पट्टीवर धरला.

मला त्या चौदा घरांची फार कणव आली, असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. मी ती पाहिली नव्हती. साहेबांच्या पहिल्या वाक्याचा राग होता, तो मनात घोळत होता. शिवाय हा माणूस ‘करा’ असं म्हणाला नव्हता. तो गयावया करत असता तर मी बहुतेक पट्टी दाबून मोकळी झाले असते.

मी पट्टी पूर्ण काढून हातात घेतली. “वर्तमानपत्र आहे का जुनं?” मी विचारलं.

बोडक्यांनी दोन आणली. मी ती टेबलावर पसरली आणि मशीन उसवायला घेतलं.

पुढच्या तीन तासांत त्या मशीनचा जेवढा भाग सुटा होऊ शकत होता तेवढा मी सुटा केला. डिस्प्लेचं कार्ड, केबली, हार्ड डिस्क, पंखा. ब्रशनं एकेक साफ केलं, कागदावर ओळीनं मांडलं, परत लावलं, परत काढलं. साहेब दर अर्ध्या तासानं दारात यायचे.

“काय झालंय नक्की?”

“धूळ फार आहे सर. सगळी कार्डं साफ करावी लागतील.”

“मगदूम तर लगेच करून जायचा.”

मी ब्रश फिरवत राहिले. ‘बोलायचं कमी’ हा सरांचा उपदेश एवढा उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. एक वाजला तेव्हा साहेब दारातूनच म्हणाले, “यादीची फ्लॉपी तरी करून ठेवली होती का बोडके?”

“राहिली साहेब.”

“राहिली,” साहेबांनी नुसता तो शब्द परत उच्चारला आणि गेले.

बोडक्यांनी डबा उघडून अर्धा माझ्यापुढं सरकवला. भाकरी आणि पावट्याची उसळ. मी नको म्हणत असतानाच खाल्लीही. मला सारखं वाटत होतं की माझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं आहे.

अडीचची एसटी पावणेतीनला आली. खिडकीतून स्टँडचं टोक दिसायचं. बोडके चप्पल घालून बाहेर गेले आणि पाच मिनिटांत परत आले.

“सहा जण उतरले,” ते म्हणाले. “त्यांच्यातलं कुणी नाही.”

“पुढची एसटी?”

“साडेपाचला.”

मी रॅमची पट्टी हातात घेऊन बसले. त्या क्षणी मला वाटलं, पुरे झालं. मी माझ्या परीनं केलं. आणखी कुठवर ताणायचं? बोडक्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते म्हणाले, “लावून टाका ताई. तुम्ही थांबलात तेच खूप झालं.”

मी पट्टी खाचेवर धरली होती, इतक्यात साहेबांची हाक आली.

“तांबोळी! इकडं या. तुमच्या मालकांशी बोला.”

फोन साहेबांच्या टेबलावर होता. मी रिसीव्हर कानाला लावला.

“रेश्मा, काय चाललंय?” चौगुले सरांचा आवाज तापलेला होता. “पावणेअकरापासून काय करतेस तिथं? बीप कसा येतोय?”

“लांब, सर.”

“थांबून थांबून?”

“हो.”

“ऐकव मला.”

फोनची वायर लांब होती. मी ती ओढत शेवटच्या खोलीपर्यंत नेली, मशीन सुरू केलं आणि रिसीव्हर समोर धरला. पट्टी माझ्या दुसऱ्या हातातच होती. मशीन ओरडलं. दोनदा, तीनदा.

“रॅम आहे,” सर म्हणाले. “लहान मूलसुद्धा सांगेल. काढ, खोडरबरनं घास, दाबून लाव.”

साहेब दारात उभे होते. बोडके नकाशांच्या कपाटाशी. मला आता नुसतं ‘हो सर’ म्हणून फोन ठेवता आला असता आणि पाच मिनिटांत मशीन सुरू करता आलं असतं. सगळी लाज धुऊन निघाली असती. मालकांनी सांगितलं, मुलीनं केलं, झालं.

“केलं सर,” मी म्हणाले. “घासून, दाबून लावली. तरी वाजतंय.”

सर म्हणाले, “साहेबांना दे.”

साहेबांनी फोन घेतला, ऐकलं, ठेवला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. “ती रॅम की काय ती, माझ्यासमोर लावा.”

मी त्यांच्यासमोर पट्टीची कड खोडरबरनं घासली. खाचेवर ठेवली. वरून बघणाऱ्याला बसली असं वाटेल इतपतच दाबली. शेवटचं जोर देऊन करायचं ते केलं नाही. खिट्ट्यांवर नुसतीच बोटं ठेवली. चांगलं काम करायला शिकायला मला दोन वर्षं लागली होती. वाईट काम इतक्या सफाईनं जमेल हे मला माहीत नव्हतं. बटण दाबलं. मशीन ओरडलं.

“चौगुल्यांना मी पुढच्या वर्षी करार देत नाही,” साहेब म्हणाले. रागावून नाही, ठरवून. मग जीपच्या ड्रायव्हरला शोधायला ते बाहेर ओट्यावर गेले.

तिथूनच चारला वीस कमी असताना त्यांचा आवाज आला. “काय आहे? कुठून आलात?”

मी आणि बोडके ओट्यावर गेलो. अंगणात सात जण उभे होते. पाच पुरुष, दोन बायका. सगळ्यांच्या पायांवर गुडघ्यापर्यंत तांबडी धूळ. पुढं एक चाळिशीची बाई होती, हातात खताची जुनी पिशवी गुंडाळून धरलेली.

“धनगरवाड्यावरनं, सायेब,” ती म्हणाली. “कागदं आणल्यात.”

“एसटीनं येणार होता ना?” बोडक्यांनी विचारलं.

“फाट्यावर थांबलीच न्हाई. भरून आलती. मग चालत आलो.”

फाट्यापासून हे तालुक्याचं गाव सहा किलोमीटर होतं. त्यांच्यापैकी कुणी ते सांगितलं नाही. मला बोडक्यांकडून नंतर कळलं.

साळुंखे साहेबांनी पिशवी घेतली, आतले दाखले काढले, एकेक वाचला. चौदा होते. प्रत्येकाला रेशनकार्डाची झेरॉक्स टाचलेली. त्यांनी ते परत पिशवीत घातले आणि बोडक्यांकडं पाहिलं.

“मुदत पाचपर्यंत आहे ना?”

“आहे साहेब.”

“मग घ्या आवकला. वेळ घाला.”

बोडक्यांनी नोंदवही काढली, चौदा शिक्के मारले, प्रत्येकावर तीन पंचेचाळीस अशी वेळ घातली. मी आत गेले आणि पट्टीच्या दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून दाबलं. खिट्ट्या टक् टक् करून बसल्या. बटण दाबल्यावर एकच छोटा बीप आला आणि पडद्यावर अक्षरं उमटली.

“झालं सर,” मी ओरडून सांगितलं.

साहेबांनी आत येऊन पडदा पाहिला. बोडक्यांना खुर्ची दाखवली.

बोडके टायपिंगला बसले, मी दाखले वाचून दाखवत गेले. ती बाई, जनाबाई झोरे, टेबलाशी उभी राहून प्रत्येक नाव ऐकत होती. यादी स्वतःच्या घराशी आली तेव्हा तिनं टेबलावर बोट ठेवलं.

“काय लिवलंसा?”

“रामा बाबू झोरे,” मी म्हणाले. “घरातले पुरुष म्हणून.”

“दाखल्यावर कुणाचं हाय?”

मी पाहिलं. दाखल्यावर तिचं होतं. माझी नजर रेशनकार्डाच्या कागदावर गेली होती.

“मग तेच लिवा. दिराचं घर तिकडं येगळं हाय. त्याचं त्याला, माझं मला.”

बोडक्यांनी खोडून तिचं नाव घातलं. चारशे सव्वीस कुटुंबं झाली. प्रिंटर करकरत पानं सोडत राहिला, साहेब उभ्याउभ्याच सह्या करत गेले. पाचला दहा कमी असताना जीप सुरू झाली. बसता बसता साहेबांनी मला बोलावलं.

“सकाळी पावणेअकरापासून आहात. मला हे लेखी कळवावं लागेल.”

“हो सर.”

पत्र चौथ्या दिवशी आलं. ‘आपण पाठविलेल्या मुलीस पुरेसे ज्ञान नाही’ असं त्यात होतं. चौगुले सरांनी ते वाचून माझ्यासमोर ठेवलं.

“फोनवर मी आवाज ऐकलाय. रॅमच होती.”

“हो सर.”

“आणि तुला लावता येते. मी रोज बघतो.”

मी पत्राची घडी घातली.

“कारण सांगणार नसशील तर मी तुला बाहेर पाठवू शकत नाही.”

“बरं सर,” मी म्हणाले.

त्यांनी मला कामावरून काढलं नाही, काउंटरला बसवलं. प्रिंटरच्या रिबिनी आणि माऊस विकायला. मगदूम येता-जाता मला खोडरबर दाखवायचे. मीही हसायचे. घरी मी सांगितलं की काउंटरचं काम बरं, प्रवास नाही. अब्बांना ते आवडलं.

दोन महिन्यांनी एका शनिवारी काचेतून मला रस्त्यापलीकडं बोडके भाऊसाहेब दिसले. तोच पांढरा शर्ट. दुकानाची पाटी वाचत उभे होते. मी धावत बाहेर गेले आणि त्यांना तिथंच गाठलं.

“चौगुल्यांना भेटायला आलोय,” ते म्हणाले. “काय घडलं ते सांगून टाकतो. मगदूमांकडून कळलं तुमचं.”

“तुमच्या निवृत्तीला किती वर्षं आहेत?”

“एक वर्ष चार महिने.”

“मग चहा घ्या आणि परत जा.”

“असं कसं, ताई?”

“सर साहेबांना फोन करतील. करार जातोय तो परत मिळवायला तर नक्की करतील. मग तुमची चौकशी लागेल. पेन्शन अडकेल. आणि त्या यादीचं काय होईल?”

यादीचं नाव घेतल्यावर ते थांबले. आम्ही समोरच्या गाड्यावर बाकड्यावर बसलो. त्यांनी सांगितलं की चौदापैकी तेरा नावं मंजूर झाली. एकाचं रेशनकार्ड दुसऱ्या तालुक्यातलं निघालं, ते राहिलं. जनाबाईचं घर तिच्याच नावावर झालं.

“एक विचारू?” मी म्हणाले. “तुमचं त्या वाड्यावर कुणी नातेवाईक नाही. मग एवढी जोखीम कशाला घेतलीत?”

त्यांनी बशीत चहा ओतला आणि तो थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवला.

“एकोणऐंशी साली मी दुसऱ्या एका धरणावर होतो. तिथं नवीन होतो. टायपिंगचा वेग चांगला होता माझा. तेव्हाही मुदत पाचचीच होती. मी जेवणाची सुट्टी न घेता तीनला यादी पुरी करून दिली. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. यादी गेली. चारला माणसं आली, नदीकाठच्या एका वाडीची. कागद घेऊन. त्यांना यादी गेली म्हणून सांगायला साहेबांनी मलाच पाठवलं.”

“मग?”

“मग काय. मी सांगितलं. ते गेले.” त्यांनी बशी खाली ठेवली. “तेव्हा टाइपरायटर होता. तो काही बंद पडला नाही.”

मी विचारलं, “किती घरं होती?”

“नऊ,” ते म्हणाले. आणि मी न विचारताच त्यांनी ती नावं सांगितली. आधी आडनाव, मग नाव, मग बापाचं नाव, यादीत असतात तशी. कुठंही न अडखळता, नऊच्या नऊ. सांगून झाल्यावर त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, कोल्हापूर स्टँडला कुठून जवळ पडेल ते मला विचारलं, आणि मी दाखवलेल्या रस्त्यानं चालू लागले.